तरंगंबाडीच्या ओसरीवर

(अनुवादकांच्या एका मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



अनुवादाच्या प्रश्नांविषयी मी काही बोलावे, असे आपण सुचविलेत, याबद्दल मी आभारी आहे. परंतु अनुवादाच्या सिद्धान्तांची चर्चा करण्याचा माझा अधिकार नाही. ते काम या व्यासपीठावर बसलेल्या विद्वानांनी करावे. मी केवळ एका भेटीची हकीकत सांगणार आहे. आम्ही उभयता एका समुद्रकाठच्या गावी स्नेह्यांच्या घरी चार दिवस राहिलो. त्या चार दिवसांत आम्ही सांगण्यासारखे काहीच केले नाही. बसलो, जेवलो, फिरलो, गप्पा मारल्या. मात्र त्या रिकामपणात माझ्या हातून झालेल्या दोन चुका मला समजल्या, आणि त्या चुका कोणत्याही शब्दकोशाने मला कधी दाखविल्या नसत्या.

प्रथम थोडी पार्श्वभूमी सांगावयास हवी. तमिळनाडूच्या किनाऱ्यावरील मच्छीमारांच्या जीवनाविषयीच्या एका पुस्तकाचा मराठी अनुवाद माझ्याकडे आला होता. मूळ पुस्तक तमिळ. माझ्यासमोर होते ते त्याचे इंग्रजी रूपांतर. तमिळ लिपी मी वाचू शकते, सोपे वाक्य ओळखू शकते, पण त्यापलीकडे माझी गती नाही. आपल्यापैकी पुष्कळांना हा अनुभव असेल. भारतातील एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जाताना आपण अनेकदा इंग्रजीच्या किंवा हिंदीच्या पुलावरून जातो, आणि पलीकडे पोहोचल्यावर, वाटेत काय सांडले याची आपल्याला कल्पना नसते.

माझ्या शंका मी ज्यांना विचारीत असे ते गृहस्थ तमिळचे निवृत्त शिक्षक आहेत. काही वर्षांपूर्वी एका कार्यशाळेत आमची ओळख झाली, पुढे पत्रांतून व दूरध्वनीवरून ती वाढत गेली. ते स्वतः मच्छीमार समाजातले. घरात शिकून नोकरीला लागलेले पहिलेच. "एकदा घरी या, पण कामाचे कागद आणू नका," असे ते प्रत्येक वेळी म्हणत. अखेर २०२३ च्या मे महिन्यात आम्ही गेलो. कागद मी नेलेच होते. पिशवीच्या तळाशी, साड्यांखाली.

त्यांचे गाव तरंगंबाडी. मयिलाडुतुरै स्थानकावर उतरावे आणि कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील भातशेतीतून, ताडांच्या रांगांमधून बसने पूर्वेकडे जावे. रस्ता संपतो तेथे १७९२ साली बांधलेली पांढरी वेस लागते. ती ओलांडली की एक सरळ, रुंद, शांत रस्ता समुद्रापर्यंत जातो. त्याच्या दोन्ही बाजूंना जुनी चर्चे आणि उंच खांबांची घरे आहेत, आणि टोकाला डान्सबोर्ग हा किल्ला. तंजावरच्या रघुनाथ नायकाशी करार करून डेन्मार्कच्या लोकांनी १६२० साली तो बांधावयास घेतला. सव्वादोनशे वर्षे हे गाव त्यांच्याकडे होते. ते 'त्रांकेबार' म्हणत. १८४५ साली त्यांनी ते बंगालमधील श्रीरामपूरसह इंग्रजांना विकले.

'तरंगंबाडी' या नावाचा अर्थ प्रवाशांना 'गाणाऱ्या लाटांचे गाव' असा सांगितला जातो. मराठी माणसाला त्यातला 'तरंग' लगेच ओळखू येतो आणि तो खूश होतो. मीही झाले. आमचे शिक्षक मित्र मात्र हसले. म्हणाले, "गावातल्या जुन्या शिलालेखात नाव सडंगनपाडी असे आहे. लाटा आणि गाणे बहुधा मागाहून आले असावे. पाडी म्हणजे वस्ती." आमच्याकडच्या 'पाड्या'ची मला आठवण झाली. सुंदर अर्थ आणि खरा अर्थ यांत अंतर असू शकते, याची सूचना मला पहिल्याच संध्याकाळी मिळाली होती. पण ती मी तेव्हा ध्यानात घेतली नाही.

त्यांचे घर वेशीच्या आतल्या जुन्या गावात नाही. २००४ च्या सुनामीनंतर मच्छीमारांसाठी समुद्रापासून आत हटून जी नवी वस्ती झाली, तीत ते आहे. सिमेंटची, एकाच नमुन्याची घरे. जुन्या तमिळ घराला पुढच्या बाजूस 'तिण्णै' असते, म्हणजे आपल्याकडची ओसरीच. आल्यागेल्याने तेथे टेकावे, म्हाताऱ्यांनी दुपारी पडावे, मुलांनी अभ्यास करावा. नव्या घरांच्या नकाशात तिण्णै नव्हती. आमच्या मित्रांनी ती स्वतःच्या पैशाने बांधून घेतली. "दार उघडले की सरळ रस्ता. पाहुण्याला बसवायचे कोठे?" एवढेच कारण त्यांनी सांगितले. आमचे चार दिवस त्या ओसरीवर गेले.

घरातल्या बाईंनी पहिल्या तासातच मला 'अक्का' केले. त्यांच्या मोठ्या दिरांना घरातली सगळी मंडळी 'अण्णा' म्हणत होती. अक्का आणि अण्णा हे शब्द दोन्ही घरांत सारखेच आहेत, हे कळल्यावर स्वयंपाकघरात आमचे बोलणे तमिळ, मराठी, इंग्रजी आणि हातवारे यांच्या मिश्रणात सुरळीत सुरू झाले. सकाळी उंबरठ्यापुढे सडा घालून त्या पांढऱ्या पिठाचे कोलम काढीत. मी शेजारी बसून ठिपके मोजत असे. मग पितळी पेल्यातली कॉफी, इडियाप्पम. दुपारी चिंचेच्या कोळातले माशाचे कुळंबु आणि भात. माझे यजमान मालवणचे. त्यांनी पहिल्या घासाला डोळे मिटले, नंतर बराच वेळ काही बोलले नाहीत. या मौनाचा अर्थ यजमानीणबाईंना भाषांतर न करता कळला.

आम्ही मे महिन्यात गेलो, हे तसे पाहता गैरसोयीचे. ऊन अतिशय तीव्र. परंतु तमिळनाडूच्या किनाऱ्यावर १५ एप्रिल ते १४ जून असे ६१ दिवस यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते. माशांच्या विणीचा तो काळ. त्यामुळे एरवी पहाटेपूर्वीच समुद्रावर जाणारी माणसे त्या दिवसांत घरी भेटतात. एका यांत्रिक होडीवर काम करणारे अण्णाही त्यामुळेच घरी होते. साठीच्या पुढचे, सडपातळ, अगदी कमी बोलणारे गृहस्थ. ते सकाळपासून ओसरीच्या एका कोपऱ्यात फाटलेले जाळे पसरून बसत. दुसऱ्या दिवशी माझे यजमान त्यांच्या शेजारी जाऊन बसले. दोघांना समान अशी एकही भाषा येत नाही. तरी तासाभरात यजमानांच्या हातात जाळे विणण्याची सुई आली होती, आणि अण्णा त्यांच्या गाठी सोडवून पुन्हा घालून दाखवीत होते. पुढे शिक्षकांच्या मदतीने त्यांचे असे ठरले की, आमच्याकडे किनाऱ्यावरून माणसांनी दोन्ही बाजूंनी ओढण्याची जी 'रापण', तीच त्यांची 'करैवलै'. करै म्हणजे किनारा, वलै म्हणजे जाळे. या शोधाने दोघांनाही इतका आनंद झाला की, त्या दिवशी कॉफी दोनदा झाली.

ऊन उतरल्यावर आम्ही चौघे समुद्रावर जात असू. किल्ल्याच्या उत्तरेस अगदी पाण्याच्या कडेला मासिलामणि नाथर हे शंकराचे देऊळ आहे. पांड्य राजा मारवर्मन कुलशेखर याच्या काळात, चौदाव्या शतकाच्या आरंभी ते उभे राहिले. सडंगनपाडीचा उल्लेख असलेला लेख येथलाच. मूळ देवळाचा पुढचा मोठा भाग समुद्राने नेला. हे एका रात्रीत झालेले नाही. वर्षानुवर्षे, लाटेलाटेने किनारा मागे हटत गेला. शिक्षक म्हणाले की, यासाठी तमिळमध्ये जुना शब्द आहे: 'कडल्‌कोळ'. कडल म्हणजे समुद्र, आणि कोळ म्हणजे घेणे. येथून उत्तरेस काही कोसांवर पूंपुहार आहे, चोळांचे प्राचीन बंदर. ते नगर समुद्राने घेतले, अशी कथा 'मणिमेकलै' या महाकाव्यात आली आहे. "आमच्या भाषेत समुद्र घेतो," ते म्हणाले. मी ते वहीत टिपले, आणि एका मनोरंजक माहितीपलीकडे त्याला महत्त्व दिले नाही.

त्याच फेरीत आम्ही न्यू जेरुसलेम चर्चपाशी थांबलो. तेथे ज्याचे दफन झाले त्या बार्थोलोमेउस त्सीगेनबाल्ग याच्याविषयी आपल्यासारख्यांनी थोडे जाणून घ्यावे असे मला वाटते. हा जर्मन धर्मोपदेशक ९ जुलै १७०६ रोजी या किनाऱ्यावर उतरला तेव्हा त्याला तमिळचे एक अक्षरही येत नव्हते. त्याने एका तमिळ पंतोजींना आपली शाळा स्वतःच्या निवासात भरवावयास सांगितले, आणि लहान मुलांच्या रांगेत बसून तो वाळूत अक्षरे गिरवू लागला. १७१५ पर्यंत त्याने केलेला 'नव्या करारा'चा तमिळ अनुवाद येथल्याच छापखान्यात छापून पूर्ण झाला होता. १७१९ मध्ये, वयाच्या ३६ व्या वर्षी तो मरण पावला. त्याच्या धर्मकार्याविषयी मते भिन्न असू शकतील; परंतु अनुवादकाने प्रथम खाली, जमिनीवर बसावे, हा त्याचा धडा वादातीत आहे.

या गोष्टीचा एक धागा आपल्यापर्यंतही येतो. १६७० च्या दशकात व्यंकोजी भोसल्यांनी तंजावर घेतले, आणि तेव्हापासून या डॅनिश वसाहतीचा व्यवहार मराठी राजघराण्याशी होऊ लागला. १७५० साली येथे आलेला श्वार्ट्‌झ हा पाद्री पुढे तंजावरात सरफोजी राजांचा पालक व शिक्षक झाला. त्याच सरफोजींनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तंजावरात देवनागरी छापखाना घातला, आणि इसापच्या नीतिकथा मराठीत करवून तेथे छापविल्या. मराठीच्या अगदी आरंभीच्या छापील पुस्तकांत त्यांची गणना होते. म्हणजे छापील मराठी अनुवादाच्या आरंभीच्या वाटचालीचा एक टप्पा तमिळ मुलखात घडला. हे मी ओसरीवर सांगितले तेव्हा शिक्षक म्हणाले, "मग तुमचे आमच्याकडे येणे हे माहेरी येणेच झाले." त्या संध्याकाळी मी खुशीत होते. कागद पिशवीतून काढण्यास हाच योग्य मुहूर्त आहे, असे मला वाटले.

तिसऱ्या दिवसाची ती संध्याकाळ. वीज गेली होती, म्हणून सगळेच ओसरीवर होते. मी त्यांना म्हटले की, सुनामीविषयीच्या प्रकरणातले एक वाक्य वाचून दाखविते, ठीक उतरले आहे का सांगा. माझे मराठी वाक्य असे होते: खवळलेल्या समुद्राच्या कोपाने किनाऱ्यावर आपल्या माणसांची वाट पाहणाऱ्या शेकडो स्त्रियांचा बळी घेतला. इंग्रजीत हेच होते, आणि मराठीत ते ओघवते झाले आहे, याचा मला थोडा अभिमानही होता. शिक्षकांनी शब्दाशब्दाचा अर्थ मला विचारून घेतला आणि तमिळमध्ये सांगितला. कोणी काही बोलले नाही. बाई उठून आत गेल्या. अण्णांनी हातातले जाळे खाली ठेवले.

मग शिक्षकांनी मला सांगितले ते मला तोपर्यंत ठाऊक नव्हते. २६ डिसेंबर २००४ च्या रविवारी सकाळी अण्णा समुद्रावर होते आणि त्यांची पत्नी किनाऱ्यावर होती. ती परत आली नाही.

अण्णा बोलू लागले. शिक्षक वाक्यागणिक ते मला सांगत होते. अण्णा म्हणाले, "समुद्र खवळला नव्हता. खवळलेला समुद्र मला माहीत आहे. तसा असता तर मी गेलोच नसतो. त्या दिवशी वारा नव्हता, ढग नव्हता. आम्ही फार लांब, खोल पाण्यात होतो. आमच्या होडीखालून ते गेले असले पाहिजे. मला काहीही कळले नाही. जाळे ओढले, मासे काढले. परत येताना पाण्यावर दारे, भांडी, माणसे दिसू लागली, तेव्हा कळले."

थोडे थांबून ते म्हणाले, "रागावलेला माणूस आधी आवाज चढवतो. समुद्राने आवाज चढविला नाही. आम्ही त्याला आई म्हणतो. आई रागावली असे मी म्हणू शकत नाही, आणि रागावली नाही असेही म्हणू शकत नाही. मला ते माहीत नाही."

माझी पहिली चूक ही. शास्त्राच्या दृष्टीनेही अण्णांचे म्हणणे तंतोतंत बरोबर होते. समुद्र खवळतो तो वाऱ्याने. सुनामी ही वाऱ्याची लाट नव्हे. त्या सकाळी भारतीय वेळेनुसार साडेसहाच्या सुमारास सुमात्राजवळ ९.१ एवढ्या तीव्रतेचा भूकंप झाला, समुद्राचा तळ उचलला गेला, आणि वरचे सगळे पाणी ढकलले गेले. खोल समुद्रात अशी लाट जेमतेम हातभर उंच असते. होडीतल्या माणसाला ती जाणवतही नाही. किनाऱ्याचे उथळ पाणी लागले की ती उंचावते. दोन-अडीच तासांत ती या किनाऱ्यावर पोहोचली. भूकंप आणि लाट यांच्यामध्ये एवढा वेळ होता, आणि इशारा देण्याची व्यवस्था नव्हती. हैदराबादचे इशारा केंद्र २००७ साली सुरू झाले. तरंगंबाडी तेव्हा ज्या नागपट्टिणम जिल्ह्यात होती, त्या एका जिल्ह्यात सहा हजारांहून अधिक माणसे गेली. 'कोप' या एका शब्दाने हे सगळे झाकले जात होते. कोप म्हटले की कोणाला काही विचारावयाचे उरत नाही.

तेवढ्यात बाई आतून बाहेर आल्या. त्यांनी सगळे ऐकले होते. त्या मला म्हणाल्या, "अक्का, आणखी एक. आमच्या बायका वाट पाहत नव्हत्या. काम करीत होत्या. पहाटे गेलेल्या काही होड्या परत आल्या होत्या. मासे निवडणे चालले होते, लिलाव चालला होता, टोपल्या भरत होत्या. माझी जाऊ त्या दिवशी उधारीचा हिशेब करावयास थोडी आधीच गेली होती. तुमच्या वाक्यात त्या नुसत्या समुद्राकडे बघत उभ्या आहेत."

माझी ही दुसरी चूक, आणि मला ती पहिलीहून मोठी वाटते. मीही स्त्री आहे, मीही काम करते. तरी किनाऱ्यावरची स्त्री म्हटल्याबरोबर माझ्या लेखणीतून 'वाट पाहणारी' उतरली. इंग्रजी रूपांतरात ते शब्द होते हे खरे, परंतु मला ते खटकले नाहीत हे माझे. पुढे शिक्षकांनी मूळ तमिळ वाक्य काढून वाचले. त्यात कोप नव्हता आणि वाट पाहणेही नव्हते. किनाऱ्यावर व्यवसायात गुंतलेल्या स्त्रियांना समुद्राने घेतले, एवढेच होते. मी ज्या पुलावरून आले त्या पुलावर हे दोन शब्द कोणीतरी सद्भावनेने ठेवले होते.

आता मराठीत काय लिहावे? 'समुद्राने घेतले' हे मला अपुरे वाटत होते. आपण वस्तू घेतो, कर्ज घेतो. तेव्हा अंधारात माझे यजमान म्हणाले, "आमच्याकडे 'नेले' म्हणतात." त्यांच्या लहानपणी मालवणात एखादा माणूस समुद्रावरून परत आला नाही, तर त्यांची आजी 'दर्याने नेला' एवढेच म्हणे. त्यात रागही नसे आणि क्षमाही नसे. मी स्वतः दोन दिवसांपूर्वी देवळापाशी मनात म्हटले होते की, देवळाचा भाग समुद्राने नेला. दगडांसाठी तो शब्द मला सहज सुचला; माणसांसाठी मात्र मी अलंकार शोधीत बसले होते.

आम्ही वाक्य नव्याने जुळविले: किनाऱ्यावर मासे निवडणाऱ्या, भाव करणाऱ्या, टोपल्या भरणाऱ्या शेकडो स्त्रियांना समुद्राने नेले. शिक्षकांनी ते पुन्हा तमिळमध्ये सांगितले. अण्णांनी ऐकले, "आमाम्" म्हणजे "होय" असे म्हणाले, आणि जाळे पुन्हा मांडीवर घेतले. वीज आली तेव्हा बाई पाने मांडीत होत्या.

शेवटचा दिवस पुन्हा पहिल्यासारखाच गेला. त्या वाक्याचा विषय कोणी काढला नाही. कोलम, कॉफी, जाळे, मासळी. निघताना बाईंनी सुकटाची एक पुडी मालवणच्या जावयासाठी म्हणून माझ्या हाती दिली. तिच्या वासाने परतीच्या प्रवासात आमच्या डब्यातील मंडळींचा काही काळ रोष झाला, आणि तो आम्ही आनंदाने सहन केला.

मित्रहो, या हकिकतीतून मी काही नियम काढू इच्छीत नाही. प्रत्येक पुस्तकासाठी प्रत्येक अनुवादकाने असा प्रवास करावा, हे व्यवहारात बसणारे नाही. परंतु एवढे मला नमूद करावेसे वाटते की, मी शंकांची यादी घेऊन एका दुपारपुरती गेले असते, तर माझ्या यादीत या दोन शंका नव्हत्याच. जे आपल्याला चुकलेले वाटतच नाही, ते आपण विचारणार कसे? ते समोर येण्यासाठी घरच्या माणसाला आपल्यापुढे उठून आत जाण्याइतका आणि परत येऊन बोलण्याइतका विश्वास वाटावा लागतो. तो विश्वास तीन दिवसांच्या रिकाम्या बसण्यातून आला. माझ्या यजमानांच्या चुकलेल्या गाठींतून आला.

आमच्या व्यवसायात शेवटी आभार मानण्याची पद्धत आहे. संपादक, ग्रंथपाल, मुद्रित तपासणारे, सर्वांचे आभार मी पुस्तकात मानले आहेत. त्या घरातल्या मंडळींनी आपली नावे घालू नयेत असे सांगितले, म्हणून ती तेथे नाहीत. त्यांचे ऋण येथे बोलून दाखवावे, एवढ्यासाठीच मी आज उभी राहिले.